नऊ नंबरची अर्जी

पस्तीस वर्षे महसूल खात्याच्या दप्तरात लोकांचे अर्ज स्वीकारण्यात, त्यांवर आवक क्रमांक घालण्यात आणि योग्य ती मुदत लोटल्यावर ते ‘कागदपत्रे अपूर्ण’ ह्या शेऱ्यानिशी परत पाठविण्यात ज्याचे आयुष्य खर्ची पडले, त्या मनुष्यावर निवृत्तीनंतर स्वतःच्याच हृदयाकडे अर्ज करण्याची पाळी यावी, ह्यात नियतीचा काही सूक्ष्म विनोद असला पाहिजे. हृदय ही तशी नमुनेदार कचेरी होय. तिला साप्ताहिक सुटी नाही, मधली सुटी नाही, आणि तिच्यातील एकमेव कर्मचारी दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके निमूटपणे हातावेगळे करीत असूनही त्याने कधी महागाई भत्ता मागितल्याचे ऐकिवात नाही. तो किरकोळ रजाही घेत नाही. घेतो ती एकदाच, आणि ती परस्पर मंजूर झालेली असते.

माझ्या अर्जाचे निमित्त असे घडले की, दिवाळीनंतर जळगावच्या आमच्या डॉक्टरांनी माझ्या दंडाला फडके गुंडाळून ते फुगविले, सोडले, पुन्हा फुगविले, मला काट्यावर उभे केले, उतरविले, आणि शेवटी असा निवाडा दिला की रक्तदाब सरहद्दीवर उभा आहे, वजन मात्र सरहद्द ओलांडून बारा किलो आत घुसलेले आहे. सबब रोज पाऊण तास चालावे, तेलामिठाचा हात आखडता घ्यावा आणि तीन महिन्यांनी पुन्हा रुजू व्हावे. हा सल्ला उत्तम होता, परंतु त्यात एक मोठे वैगुण्य होते, ते हे की तो ऐकताक्षणी समजत होता. जो उपाय समजतो त्यावर मनुष्याची श्रद्धा बसत नाही. जो उच्चारता येत नाही त्यावर ती तत्काळ बसते. ‘चाला’ हे दोन अक्षरांचे औषध गावातील कोणीही देऊ शकेल, मग डॉक्टरांना फी कशाबद्दल द्यावयाची, हा प्रश्न मनात घोळवीत मी असोद्यास परतलो, आणि अर्थातच रिक्षाने परतलो.

असोदा हे आमचे गाव जळगावला इतके खेटून आहे की शहराची हवा इकडे आणि आमची वांगी तिकडे विनासायास पोहोचतात. ह्या गावाने महाराष्ट्राला दोन गोष्टी दिल्या. पहिली म्हणजे बहिणाबाई चौधरी. १८८० साली, नागपंचमीच्या दिवशी, महाजनांच्या घरात त्या येथे जन्मल्या, लग्न होऊन जळगावास गेल्या, आणि अक्षरओळख नसताना जात्यावर नि शेतात अशा ओव्या रचून गेल्या की १९५२ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, त्या पुस्तकरूपाने निघाल्या तेव्हा लिहितावाचता येणाऱ्या साऱ्या मराठी मंडळींना आपल्या शिक्षणाची क्षणभर शरम वाटली. दुसरी गोष्ट भरिताची वांगी. पहिल्या देणगीने गावाच्या कीर्तीत भर पडली. दुसरीने माझ्या वजनात.

वस्तुतः वांगे हा निरुपद्रवी प्राणी आहे. हिरवट-पांढऱ्या अंगाचे, बियांचा फारसा बडेजाव नसलेले आमचे वांगे शेताच्या बांधावर पऱ्हाटीच्या जाळावर भाजतात, साल सोलून हिरव्या मिरच्यांसह लाकडी बडगीत ठेचतात, आणि येथपर्यंत त्यात आक्षेपार्ह असे काहीही घडत नाही. घडते ते पुढे. तेल कढईत उतरते, त्या तेलात शेंगदाणे, लसूण आणि कांद्याची पात उतरते, त्यात ते ठेचलेले वांगे उतरते, आणि अर्ध्या घटकेत त्या गरीब भाजीने इतके तेल प्राशन केलेले असते की शेतसाऱ्याच्या भाषेत बोलावयाचे तर कोरडवाहूची बागायत होऊन जाते. जोडीला उडदाचा कळणा आणि ज्वारी ह्यांची भाकर. चातुर्मासात वांगे वर्ज्य असल्यामुळे आषाढापासून बरतर्फ झालेला हा इसम चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याने पुन्हा सेवेत रुजू होतो, आणि चार महिन्यांचा थकलेला पगार एकरकमी वसूल करावा तशी वसुली तो आमच्याकडून पुढे संक्रांतीपर्यंत करतो.

ह्या वसुलीचा हंगाम तोंडावर आला असतानाच अमेरिकेतील भाचा आला. परदेशस्थ भाचे पूर्वी मामाला घड्याळ आणीत, मध्यंतरी बदाम आणू लागले, आणि आता मामाच्या प्रकृतीची कुणकुण लागताच ते डबे आणतात. हा डबा पांढरा, भारदस्त, आणि आमच्या घरातील कोणत्याही डब्यापेक्षा अधिक आत्मविश्वासाने उभा राहणारा होता. त्याच्या दर्शनी भागावर एक लालभडक हृदय आणि त्याच्या शेजारी एका तरुणाचे पोट, म्हणजे जेथे पोट असावयास हवे ती सपाट जागा, चितारलेली होती. “मामा,” भाचा म्हणाला, “हे एल-आर्जिनीन. अमिनो ॲसिड आहे. हार्टला चांगलं, आणि वेटलाही. रोज सकाळी एक स्कूप.”

हे संभाषण चालू असता ओट्यावर शेजारचे आबा बसलेले होते. आमच्या घरी घडणाऱ्या कोणत्याही गोष्टीस आबांची हजेरी नसेल तर ती गोष्ट घडली असे गाव मानीत नाही. त्यांनी डबा हाती घेतला, चष्मा कपाळावरून नाकावर उतरविला, आणि जुन्या काळी शाळेत शिकलेल्या इंग्रजीच्या बळावर एकेक अक्षर बोटाने दाबीत वाचून काढले.

“अर्जी... नाईन. म्हंजे नऊ नंबरची अर्जी. नाना, तुम्ही जलमभर लोकाइच्या अर्ज्या घेतल्या. आता तुम्हाले आली.”

भाच्याने तीन वेळा उच्चार दुरुस्त करून पाहिला. पण डब्यावरील अक्षरे आबांच्या बाजूने होती. तेव्हापासून गावात ह्या द्रव्याचे नाव नऊ नंबरची अर्जी असेच रूढ झाले, आणि मला विचाराल तर रसायनशास्त्रज्ञांनी दिलेल्या नावापेक्षा ते वस्तुस्थितीला अधिक धरून आहे.

कागद हाती आला की आधी त्याची मागची बाजू पाहावी, हा आमच्या खात्याचा पहिला संस्कार. डब्याच्या दर्शनी भागावर हृदयाचे आरोग्य, रक्ताभिसरण, वजन, उत्साह अशी मोठ्या टायपातील वचने होती. पाठीमागे, मुंगीनेही चष्मा लावावा अशा टायपात, एक मजकूर होता. त्याचा मथितार्थ असा: वरील विधानांची शहानिशा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने केलेली नाही, आणि हे उत्पादन कोणत्याही रोगाचे निदान, उपचार, निवारण वा प्रतिबंध करण्यासाठी नाही. हे वाचून माझ्या डोळ्यांत कृतज्ञतेचे पाणी तरळले. १९९४ साली त्या देशाने केलेल्या एका कायद्यान्वये हा मजकूर अशा डब्यांवर येतो, असे पुढे समजले. परंतु त्याची शैली मला तत्क्षणी आप्तासारखी भासली. आमच्याकडे संगणकावर सातबारा फुकट पाहावा तर खाली ‘ही माहिती कोणत्याही कायदेशीर बाबीसाठी वापरता येणार नाही’ अशा आशयाची ओळ असतेच. पुढच्या बाजूने द्यावे आणि मागच्या बाजूने काढून घ्यावे, ही कला आम्ही महसूलवाल्यांचीच मक्तेदारी समजत होतो. ती सातासमुद्रापार इतक्या उत्कर्षास पोहोचली आहे, हे पाहून धन्यता वाटली. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा डब्यांवरही ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापण्याचा नियम आहे. म्हणजे जे औषध म्हणून आपण श्रद्धेने गिळतो, ते स्वतःच सांगत असते की मी औषध नव्हे. आणि आपण ते त्याच्या विनयाचे लक्षण समजतो.

अर्जाची चौकशी केल्याशिवाय त्यावर निर्णय घेऊ नये, म्हणून मी पुढील आठवडाभर ह्या पदार्थाच्या कुळाची रीतसर चौकशी केली. गाव चालण्यास जसे बारा बलुतेदार लागत, तसे शरीरातील प्रथिने घडविण्यास वीस अमिनो आम्ले लागतात. त्यांपैकी नऊ अशी आहेत की जी शरीराला घरी घडविता येत नाहीत आणि अन्नातूनच मिळवावी लागतात. बाकीची तो कारखाना स्वतः काढून घेतो. येथे मला मोठी आशा वाटली की आमची नऊ नंबरची अर्जी ह्या नवरत्नांपैकी असणार, पण हाय! प्रौढ निरोगी मनुष्याच्या बाबतीत आर्जिनीन त्या नवांत मोडत नाही. शरीर ते स्वतः तयार करते, मुख्यत्वे मूत्रपिंडात. घरच्या विहिरीला पाणी असताना टँकर मागविल्याचा तो प्रकार होता. नावातील ‘एल’ हे अक्षर डाव्या बाजूचे द्योतक असून ह्या रेणूंच्या डावखुऱ्या आणि उजव्या अशा दोन जाती संभवतात, आणि शरीर आपल्या प्रथिनांसाठी केवळ डावखुऱ्याच स्वीकारते, हे वाचून मात्र मी चमकलो. देवघेव डाव्या हाताने झाल्याखेरीज काम होत नाही, असे म्हणणाऱ्या कित्येक पक्षकारांवर मी नोकरीत असताना रागावलो होतो. त्या सर्वांची आता मनोमन क्षमा मागितली.

पुढची माहिती मिळाली ती घरातच कलहास कारण झाली. हे द्रव्य प्रथम वेगळे काढले गेले १८८६ साली, स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे, अर्न्स्ट शुल्झ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने आणि त्याच्या स्टायगर ह्या साहाय्यकाने. आणि ते काढले ल्युपिन नामक कडधान्याच्या कोवळ्या मोडांतून. त्याचे नाव चांदी ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले. ही हकीकत मी मोठ्या ऐटीने स्वयंपाकघरात वाचून दाखविली. चुलीपाशी बसलेल्या आमच्या मंडळींनी उलथणे न थांबविता विचारले, “म्हणजे मोड आलेल्या कडधान्यातून काढलं, चांदीचं नाव ठेवलं, डब्यात भरलं आणि विमानाने आपल्याकडे पाठवलं?”

“स्थूलमानाने तसेच,” मी म्हणालो.

“आणि मटकीची उसळ परवा तुम्ही ताटात तशीच टाकलीत.”

ह्या युक्तिवादावर अपील नव्हते. त्यातून मी आणखी एक अविचार केला, तो म्हणजे कोणत्या अन्नात हे द्रव्य किती असते ह्याचा तक्ता वाचून दाखविला. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे तीन ग्रॅम आर्जिनीन असते, म्हणजे डब्यातील चमच्यात भाच्याच्या सांगण्याप्रमाणे जेवढे होते जवळजवळ तेवढेच. भरितात, चटणीत, कुटात, लाडवात आणि उपासाच्या दिवशी तर उघडउघड मुठीने जे शेंगदाणे माझ्या उदरात गेली साठ-सत्तर वर्षे जमा होत आले, त्यांचा हिशेब केला तर माझ्याइतका आर्जिनीनसंपन्न मनुष्य उभ्या पूर्व खानदेशात नसावा. त्यात जळगाव म्हणजे डाळ गिरण्यांचे शहर, आणि आमच्या प्रांतात डाळीचासुद्धा असा दरारा आहे की तिच्या एका तिखटजाळ प्रकाराला लोक ‘फौजदारी डाळ’ म्हणतात. साधे वरण बहुधा दिवाणी स्वरूपाचे असावे. प्रथिनांच्या बाबतीत हा प्रांत थकबाकीदार मुळीच नाही. अडचण एवढीच की त्याच शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारे साडेपाचशे उष्मांक असतात. हृदयाच्या खात्यावर जी रक्कम जमा होते तिच्या पावतीमागे कमरेच्या खात्यावरील नावेही निघते.

तथापि निष्पक्ष चौकशी अधिकाऱ्याने अर्जदाराची बाजूही ऐकली पाहिजे, आणि आर्जिनीनची बाजू लंगडी होती असे मुळीच नाही. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातील पेशी ह्याच द्रव्यापासून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू निर्माण करतात. हा वायू काही क्षणच टिकतो. पण तेवढ्यात तो वाहिनीच्या भिंतीतील स्नायूंना सैल सोडण्याचा हुकूम देतो, आणि वाहिनी रुंदावते. आमच्या धुळ्याकडे पांझरेच्या काठी पूर्वापार फड पद्धतीचे पाणीवाटप चालत आले आहे. त्यात पाटकरी नावाचा इसम असतो. पाणी नदीचे, पाट गावाचा, पीक शेतकऱ्याचे. पाटकऱ्याचे स्वतःचे काहीही नाही, तो फक्त वेळेवर येतो, बारे उघडतो आणि निघून जातो. नायट्रिक ऑक्साइड हा शरीराचा पाटकरी होय. एक साधा वायू शरीरात निरोप्याचे काम करतो हे शोधून काढल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद ह्या तिघा अमेरिकनांना १९९८ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातही नियतीने एक शेरा मारून ठेवला होता. ज्या नायट्रोग्लिसरिनपासून सुरुंगाची दारू करून आल्फ्रेड नोबेलने अपार द्रव्य मिळविले, तेच नायट्रोग्लिसरिन १८९६ साली त्याच्या हृदयविकारावर डॉक्टरांनी पोटात घेण्यास सांगितले, आणि त्या योगायोगाचे त्याला स्वतःलाही नवल वाटले. ते औषध शरीरात हाच वायू मोकळा करते, म्हणून गुण देते, हे कळावयास मात्र पाऊणशेहून अधिक वर्षे जावी लागली. जो मनुष्य डोंगर फोडून रस्ते रुंद करीत होता, त्याला आपल्या छातीतील रस्ते रुंद करण्यासाठी तीच सामग्री लागावी!

एवढ्यावर कोणीही घाईने असा निष्कर्ष काढील की ज्यापासून पाटकरी तयार होतो ते द्रव्य चमच्याने ओतले की पाट दुथडी भरून वाहू लागतील. डबा विकणारा नेमका येथेच थांबतो आणि विकत घेणाराही येथेच थांबतो. मी कारकून असल्यामुळे पुढचे पान उलटले. पोटात शिरलेल्या अर्जाची गत कचेरीत शिरलेल्या अर्जासारखीच होते. आतडे आणि यकृत ह्यांच्या दारात आर्जिनेज नावाचे शिपाई बसलेले असतात; ते येणाऱ्या आर्जिनीनचा बराच हिस्सा तेथल्या तेथे फोडून टाकतात, आणि साहेबांच्या टेबलापर्यंत पोहोचतो तो उरलासुरला. काही लहान चाचण्यांत रक्तदाब किंचित उतरल्याचे दिसले आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवितो. वजनाबाबतचा पुरावा मात्र इतका तोकडा आहे की त्यावर मी साधा रहिवासाचा दाखलाही दिला नसता. आणि मग माझ्या वाचनात ते २००६ सालचे प्रकरण आले. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या औषधांच्या जोडीला दररोज नऊ ग्रॅम आर्जिनीन आणि काहींना निव्वळ दिखाऊ औषध देण्यात आले. हृदयाला बळकटी येईल ही अपेक्षा होती. ती आली नाही. उलट आर्जिनीन घेणाऱ्यांपैकी सहा जण दगावले, दिखाऊ औषध घेणाऱ्यांपैकी एकही नाही, आणि ती चाचणी मुदतीपूर्वीच बंद करावी लागली. हे वाचताना मला प्रथमच डब्यावरील त्या लालभडक हृदयाचा रंग थोडा अधिक लाल वाटला. जे अन्नात असता सोयरे असते, ते डब्यात शिरून पाहुणचारास आले म्हणजे सोयरेच राहील, असा करार कोणी लिहून दिलेला नाही.

डबा पिशवीत घालून मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मागची बाजू आधी पाहिली. त्यावरून त्यांच्याविषयीचा माझा आदर वाढला. “तुम्हाला झटका येऊन गेलेला नाही, नायट्रेटची गोळी चालू नाही, रक्तदाबाची गोळी अजून सुरू केलेली नाही,” ते म्हणाले, “तेव्हा भाच्याचं मन राखायला थोडे दिवस थोडंसं घेतलंत म्हणून आकाश कोसळणार नाही. पोट बिघडलं तर बंद करा. झटका येऊन गेलेल्या कोणाला मात्र चुकूनही देऊ नका.” मग चष्म्यावरून पाहत त्यांनी विचारले, “चालता का?” मी विषय बदलला. त्यावर त्यांनी एक गोष्ट सांगितली जी डब्यावर कोठेही छापलेली नव्हती. मनुष्य चालू लागला की रक्त वेगाने वाहते, वाहत्या रक्ताचे घर्षण वाहिनीच्या अस्तराला होते, आणि त्या घर्षणानेच तेथल्या पेशी अधिक नायट्रिक ऑक्साइड सोडू लागतात. म्हणजे पाटकऱ्याला बोलावण्याची खरी रीत पाटात पाणी सोडणे हीच होती, आणि मी मात्र पाटकऱ्याच्या नावे मनिऑर्डर करीत बसलो होतो.

तरीही डबा फुकट जाणे हे आमच्या घराण्यात पाप मानतात. सबब तोडगा असा निघाला की चंपाषष्ठीपासून संक्रांतीपर्यंत मी रोज सकाळी अर्धा चमचा घ्यावा आणि भादलीच्या रस्त्याने पाऊण तास चालावे. ही वार्ता कळताच आबा पंच म्हणून स्वयंस्फूर्तीने रुजू झाले. औषधाने माझ्यात कोणता पालट होतो तो पहिल्याने आपल्याच दृष्टीस पडावा, ह्या एकमेव हेतूने त्यांनी माझ्याबरोबर रोज चालण्याचे व्रत घेतले. चालण्याआधी आम्हा दोघांची वजने गावातील भुसार मालाच्या काट्यावर, हरभऱ्याच्या पोत्यांच्या रांगेत उभे राहून, करण्यात आली आणि मी त्यांचा पंचनामा लिहिला. आबांचे वजन घेण्याचे वास्तविक कारण नव्हते. पण काट्यावर चढण्याची संधी कोणता मनुष्य सोडतो?

त्या सहा आठवड्यांत जे घडले त्याचे वर्णन मी शक्य तितक्या निःपक्षपातीपणे करतो. सकाळी अर्धा चमचा पोटात गेला की माझ्या मनात एक प्रकारची राजमान्य स्वस्थता पसरत असे. आपण हृदयासाठी जे करावयाचे ते सातच्या आत करून बसलो आहो, ह्या जाणिवेने माझी चाल संथ आणि प्रतिष्ठित झाली. दुपारी ताटात भरीत आले की पूर्वी मी दुसऱ्यांदा वाढून घेताना किंचित कचरत असे; आता कचरण्याचे कारण उरले नव्हते. तेल आत गेले तर जाऊ दे, आत अर्ज दाखल आहे, असा एक धीर वाटे. आणि त्या धिराच्या भरात मी तिसऱ्यांदाही वाढून घेत असे. शेतातील एका भरीत पार्टीत तर पाच जणांसमक्ष मी असे उद्गार काढल्याचे आबा सांगतात की ज्याच्या घरी नऊ नंबर आहे त्याने कळण्याच्या भाकरी मोजू नयेत. मला तसे स्मरत नाही. पण भाकरीही स्मरत नाहीत.

आबांची स्थिती ह्याच्या नेमकी उलट होती. त्यांना कोणत्याही औषधाचे संरक्षण नव्हते. रोज सकाळी माझ्या तोंडून रक्तवाहिन्या, आर्जिनेज आणि ते सहा दगावलेले रुग्ण ह्यांविषयी ऐकून त्यांच्या मनाने अशी धास्ती घेतली होती की चालताना ते माझ्यापुढे पन्नास पावले असत, मी मागे पडलो की माझे निरीक्षण करण्यास परत येत, आणि पुन्हा पुढे जात. अशा रीतीने माझ्या एका फेरीत त्यांच्या दीड फेऱ्या होत. भरिताच्या पंगतीत ते पहिल्या वाढीवरच हात आडवा धरीत. “तुमचं ठीक आहे नाना,” ते म्हणत, “तुम्ही अर्जी भरेल आहे. आम्ही बिनअर्जीचे मानसं.”

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तोच काटा, तीच पोती आणि तेच पंच ह्यांच्या साक्षीने फेरतपासणी झाली. माझे वजन आठशे ग्रॅमने उतरले होते. आबांचे तीन किलोने.

मी तो आकडा दोनदा वाचला. काटेवाल्याने काट्यावरची धूळ झटकली, हरभऱ्याचे एक पोते चढवून काटा शाबूत असल्याची खातरजमा करून दिली आणि आम्हाला पुन्हा उभे केले. आकडे हटले नाहीत. एका क्षणात सारे प्रकरण माझ्यापुढे उलगडले. ज्याने चमचा घेतला तो चमच्यावर विसंबला, ज्याने घेतला नाही तो पायांवर. आणि पाटकरी ज्याच्या पाटात पाणी वाहत होते त्याच्याकडे मुकाट्याने कामावर गेला. पस्तीस वर्षे मी पाहत आलो होतो की अर्ज दिला म्हणजे काम झाले, अशा समजुतीने जो घरी जाऊन झोपतो त्याचा अर्ज दप्तरातच झोपतो, आणि जो रोज खेटे घालतो त्याचे काम, कित्येकदा अर्ज नसतानाही, होऊन जाते. हे सत्य मी लोकांना कधी सांगितले नाही. कारण मग आमच्या कचेरीत गर्दी झाली असती. आज माझ्याच शरीराच्या कचेरीने ते मला काट्यावर उभे करून सांगितले.

हा निष्कर्ष आबांस समजावून देण्यास मी तोंड उघडले. परंतु आबांचा निष्कर्ष तोवर तयार झाला होता. ते काट्यावरून उतरले, कंबरेवर सैल झालेले धोतर त्यांनी समाधानाने आवळले आणि म्हणाले, “नाना, पाह्यलं? मी नही घेतलं, नुसता तुमच्या संगं चाललो, त तीन किलो. घेतलं असतं त काय झालं असतं!”

ह्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. आबांच्या प्रकृतीस काही अडथळा नाही एवढे डॉक्टरांना विचारून घेण्याची अट मी घातली. ती त्यांनी अक्षरशः पाळली, डॉक्टरांनी डब्याकडे पाहून खांदे उडविले, आणि त्या संध्याकाळी तो पांढरा, भारदस्त डबा आमच्या फडताळातून आबांच्या देवळीत बदलून गेला. बदलीचा हुकूम लागल्यावर कारकून जसा जुन्या टेबलाकडे वळून पाहत नाही, तसाच तोही निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळी पायांत वहाणा घालून आबांच्या दाराशी उभा राहिलो. आबा ओट्यावर पाठ टेकून, पाय पसरून, उन्हात बसले होते. शेजारी डबा होता, रिकामा पेला होता, आणि चेहऱ्यावर तीच राजमान्य स्वस्थता होती जी सहा आठवडे मी माझ्या चेहऱ्यावर मिरवीत होतो. “आबा, येता ना?” मी विचारले. त्यांनी डब्यावर प्रेमाने हात ठेवला आणि माझ्याकडे अशा कणवेने पाहिले, जसे मुदत संपलेल्या अर्जदाराकडे पाहावे.

“आता मी कशाले येऊ?” आबा म्हणाले. “अर्जी त मह्याकडे आली, नाना. आता तुम्हालेच चालाव लागीन.”